राणीसाहेबांची भूक

राणीसाहेबांनी ताट आजही तसंच परत पाठवलं!

कुंतलगडच्या रणधीरराजांनी मुख्य आचारी खंडोजीला दरबारात उभं केलं आणि गर्जना केली, "राणीसाहेब वाळून काडी झाल्या! पौर्णिमेपर्यंत त्यांनी ताट चाटूनपुसून खाल्लं पाहिजे. नाही खाल्लं, तर तुझी आणि तुझ्या कढईची गडाच्या कड्यावरून एकदमच रवानगी!"

"महाराज, मी करायचा एकही पदार्थ ठेवला नाही," खंडोजी हात जोडून म्हणाला.

"मग न ठेवलेला कर!"

प्रधान धुरंधरपंतांनी खाकरून घसा साफ केला. "महाराज, विषय गहन आहे. संशोधन करावं लागेल!"

झालं! पंतांनी पंडितांचं मंडळ नेमलं. एक पंडित चिंचेचा अभ्यास करायला दक्षिणेत गेला. दुसरा भोपळ्याच्या कुळाचा शोध घेऊ लागला. राजवैद्य वांग्याची नाडी पाहत बसले. परत आलेल्या ताटांची तपासणी तर मंडळ रोज मन लावून करी. तपासणी संपली की ताटं अगदी लख्ख असत! पंडितांची पोटं सुटली, राणीसाहेबांच्या बांगड्या मात्र कोपरापर्यंत सरकू लागल्या.

खंडोजीची मुलगी हौसा मुदपाकखान्यात मसाले वाटायची. बाप रोज कड्याकडे बघून उसासे टाकतो, हे तिला बघवेना. एके दिवशी तिने पंतांना अंगणातच गाठलं.

"पंत, एवढे पंडित शोधतायत तरी काय?"

"उत्तर!"

"कोणत्या प्रश्नाचं?"

"अगं मूर्ख पोरी, आधी उत्तर तर सापडू दे! मग प्रश्न बघता येईल."

"पण राणीसाहेबांना कुणी विचारलं का?"

पंत हसले. "राणीसाहेबांना? त्या काय पाकशास्त्र शिकल्यात?"

हौसाने पदर खोचला आणि लिंबू-सरबताचा पेला घेऊन ती थेट राणीसाहेबांच्या महालात गेली.

"राणीसाहेब, एक विचारू? आपल्याला भूक लागते का?"

राणीसाहेबांचे डोळे भरून आले. "लागते गं! फोडणीचा वास आला की जीव कासावीस होतो. पण पानावर बसलं की भूकच मरते."

"पानावर असं होतं तरी काय?"

राणीसाहेबांनी दाराकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. दाराबाहेर राजांच्या मोजड्या वाजत होत्या.

हौसा समजली. दुपारी वाढायला ती स्वतःच गेली. ताटातून वाफा निघत होत्या. राणीसाहेबांनी घास उचलला, तोच राजे म्हणाले, "आमच्या वाघाची गोष्ट सांगितली का तुम्हाला?"

राणीसाहेबांचा हात तिथेच थांबला. राजे बोलत असताना कुणी घास चावायचा नाही, असा कुंतलगडचा रिवाज होता. वाघ झुडपातून निघाला, डरकाळला, राजांनी भाला मारला, वाघाची आतडी बाहेर आली. ती किती लांब होती, हे राजांनी हात पसरून दाखवलं. गोष्ट संपली तेव्हा भात दगड झाला होता आणि तुपाचा थर जमला होता.

"ही गोष्ट रोज होते?" हौसाने जुन्या दासीच्या कानात विचारलं.

"रोज! फक्त वाघ वाढतो," दासी कुजबुजली.

दुसऱ्या दिवशी हौसा दरबारात उभी राहिली. "महाराज, राणीसाहेबांचा रोग मला कळला! पण आधी तो आपल्याला दाखवावा लागेल. मी बोलत असेपर्यंत घास खायचा नाही आणि मला मध्येच थांबवायचं नाही. शब्द द्या!"

"दिला!" राजे म्हणाले. राजांना भूक कडकडून लागली होती. हौसाच्या खुणेवर खंडोजीने दरबारातच टम्म फुगलेली पुरणपोळी समोर ठेवली, वर तुपाची धार पडली. राजांनी घास मोडला.

"महाराज, एकदा आमच्या कोठारात उंदीर शिरला!"

राजांचा हात थांबला.

"केवढा होता म्हणून सांगू! बाबांनी लाटणं उचललं. उंदीर डाळीत, बाबा डाळीत! उंदीर पिठात, बाबा पिठात! शेवटी लाटणं असं बसलं, की उंदराची आतडी..."

"शी! झालं का?"

"झालं, महाराज."

राजांनी पुन्हा घास उचलला.

"महाराज, त्या उंदराची गोष्ट सांगितली का मी तुम्हाला? चांगला बोक्याएवढा होता!"

तिसऱ्यांदा उंदीर वासराएवढा झाला आणि राजांनी ताट दूर लोटलं. "बस कर! पोळीचं पार कातडं झालं! भूक मेली आमची!"

"हाच तो रोग, महाराज!"

खंडोजीने डोळे मिटून घेतले. राजांनी मिशीला पीळ द्यायला हात उचलला आणि तो मध्येच राहिला.

"म्हणजे... आमचा वाघ?"

"महाराज, आपण त्या वाघाला एकदाच मारलंत. तो मात्र राणीसाहेबांची भूक रोज मारतो!"

पडद्याआडून राणीसाहेबांचं खुदकन हसू ऐकू आलं. राजांनी पडद्याकडे पाहिलं, हौसाकडे पाहिलं, आणि एकदम असे खदखदून हसले, की मंदील डोळ्यांवर आला!

"मोठमोठे पंडित भोपळा उकरत बसले, आणि रोग आमच्याच तोंडात होता!" त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून हौसाच्या हातात ठेवला. "खंडोजी, तुला अभय! आणि नदीकाठची आमराई आजपासून तुझ्या लेकीची! जा, गरम पोळ्या आण!"

दोन ताटं शेजारी शेजारी मांडली गेली. राणीसाहेबांनी एक पोळी संपवली, दुसरी संपवली, आणि "अजून वाढ गं!" म्हणत ताट पुढे केलं. राजांचा ऊर आनंदाने भरून आला.

"वा! यावरून आठवलं, एकदा आम्ही रानडुकराच्या..."

राणीसाहेबांनी तुपात भिजलेला मोठा घास मोडला आणि राजांच्या उघड्या तोंडात कोंबला.