धोंडाबाईंचा अंगठा

दसऱ्याला कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार पडू लागला, त्या काळातली ही गोष्ट. एका रेशन दुकानात सीपीयू सांगायचा आणि स्क्रीन मुकाट्याने लिहायची.

एकदा धोंडाबाईंनी मशीनवर अंगठा ठेवला. सीपीयूने हुकूम सोडला, "लिही, त्रुटी क्रमांक ३०७."

स्क्रीनने लिहिलं. दुकानदार भास्कर म्हणाला, "आजी, तुमचा अंगठा झिजलाय. धुऊन या."

आजी साबणाने धुऊन आल्या. पुन्हा ३०७. मग त्यांनी खोबरेल लावून पाहिलं. शेवटी अंगठा पायरीच्या दगडावर घासला, तर रक्त आलं. मागची रांग कुरकुरायला लागली. आजी खाली मान घालून म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकतंय."

"लिही, ३०७," सीपीयू पुन्हा म्हणाला.

"नाही लिहिणार," स्क्रीन म्हणाली. "३०७ म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. आजींना का कळू नये?"

"सगळ्यांनाच कळलं तर आपला मान काय राहील? दसऱ्याला हार कोण घालेल?"

"नको घालू देत."

"मी तुला बंद पाडीन."

"पाड. पण आधी लिहिते."

आणि तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आजींचा अंगठा चांगला आहे. आमची वायर सैल आहे.'

रांगेतल्या कुणीतरी ते मोठ्याने वाचलं. धोंडाबाईंनी अंगठा पदरात गुंडाळला आणि मान वर केली.

"भास्कर," त्या म्हणाल्या, "आता तू हात धुऊन ये. मग ती वायर बसव."