मागच्या सीटवरचे उस्ताद

“मग मजा कुठं आहे हिच्यात, उस्ताद?”

रविराजनं बॉनेटवर थाप मारत विचारलं. पांढरी, सात माणसांची गाडी. नऊ वर्षांत ती एकदाही रस्त्यात बंद पडली नव्हती, आणि रविराजची तक्रार नेमकी तीच होती.

बाबालाल उस्ताद कराडच्या आपल्या गॅरेजात खुर्ची टाकून चहा पीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मजा कशाला म्हणतोस तू?”

“पाय दाबला की गाडी उसळली पाहिजे. वळणावर पोटात गोळा आला पाहिजे. हिच्यात बसलं की आमच्या घरचे पाच मिनिटांत झोपतात. आई तर मसूर गाव यायच्या आत घोरायला लागते.”

“घरी घोरते?”

“घरी कुठली झोप तिला... अण्णा गेल्यापासून टक्क जागी असते.”

उस्तादांनी उरलेला चहा बशीत ओतला. फुंकर मारून सावकाश प्यायले.

“हं...”

रविराज याच गॅरेजात अकरा वर्षं राबून तयार झाला होता. आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. गाडी पळवायची हौस असलेले तालुक्यातले सगळे त्याच्याकडंच येत, आणि आपल्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. अशा माणसानं ही गरीब म्हशीसारखी गाडी चालवत गावातून जायचं, याची त्याला खरोखर लाज वाटायची. चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं. ही द्यायची आणि लाल, दोन दारांची आणायची, असं ठरलं होतं. आईला त्यानं अजून सांगितलं नव्हतं.

पण उस्तादांनी ट्रायल घेतल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हा गॅरेजचा रिवाज होता. तेवढा मोडायची त्याची छाती नव्हती.

ट्रायलची रीत अशी. शिष्यानं गाडी चालवायची आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. उस्ताद मागच्या सीटवर, डोळे मिटून, चपला काढून, अनवाणी तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकवून बसणार. खोट सापडली की एक बोट वर. दुसरी सापडली की दुसरं. परत आल्यावर बोटांइतकी कामं काढायची. पहिल्या वर्षी रविराजनं आरशात एकदा सात बोटं पाहिली होती. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं.

गाडीची बारीकशी खोटही टिपणाऱ्या या कानापायी उस्तादांना चालत्या गाडीत कधी झोप म्हणून लागली नव्हती. भाचीच्या निकाहला जाताना त्यांनी वऱ्हाडाची बस तीनदा थांबवली, बेअरिंग कुरकुरतंय म्हणून. वऱ्हाड पोचलं तेव्हा निकाह उरकला होता. बेअरिंग मात्र खरंच गेलेलं निघालं.

“चल,” उस्ताद म्हणाले.

गाडी मसूरच्या रस्त्याला लागली. रविराजनं आरशात पाहिलं. डोळे मिटलेले. बोट नाही.

खडबडीत पट्टा आला. बोट नाही.

चढ आला. त्यानं मुद्दाम वरच्या गिअरमध्येच ओढली. बोट नाही...

मग मागून एक बारीक आवाज यायला लागला.

रविराजनं कान टवकारले. सायलेन्सर? फॅनचा पट्टा? त्यानं काच वर केली. आवाज लयीत येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

त्यानं आरसा जरा खाली वळवला. उस्तादांची मान खांद्यावर कलली होती, तोंड उघडं पडलं होतं.

उस्ताद घोरत होते.

रविराजचा पाय आपोआप हलका झाला. पुढचा खड्डा त्यानं लांबूनच हेरला आणि अलगद चुकवला. वळण असं घेतलं, की ती कललेली मान जागची हलली नाही. पुढचं वळण त्याहून चांगलं जमलं. आपण गालात हसतोय हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. खूप दिवसांनी गाडी चालवताना त्याला इतकं बरं वाटत होतं.

समोर ठेवलेला फोन वाजला. गिऱ्हाईक होतं. चार वाजून गेले होते.

त्यानं झटकन आवाज दाबला आणि आरशात पाहिलं. झोप मोडली नव्हती.

फोन पुन्हा थरथरला. यावेळी त्यानं तो बंदच करून टाकला.

परत फिरायचा फाटा आला आणि गेला. मसूर आलं, मसूर मागं पडलं. त्यानं पार पुढच्या गावाला वळसा घातला आणि आल्या रस्त्यानं सावकाश परत फिरला.

साडेपाचला गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. इंजिन बंद झालं तसे उस्ताद दचकून जागे झाले. त्यांनी बाहेर पाहिलं, मग रविराजकडं पाहिलं.

“किती बोटं, उस्ताद?” रविराजनं हळूच विचारलं.

“...बंद का केलीस? काय झालं गाडीला?”

“काही नाही झालं.”

उस्तादांनी पाय वर घेतले, खांद्यावरचा रुमाल तोंडावर ओढला आणि पुन्हा डोळे मिटले.

“मग चालव की.”