चाळीस घरांचा एक घास

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. माझ्या पणज्यालासुद्धा ती जुनी म्हणूनच सांगितली होती. तेव्हा बोरखिंडीच्या वाडीला धड वाट नव्हती. चाळीस घरं होती धनगरांची, आणि माणसं मोजून होतील पण मेंढरं मोजून होणार नाहीत, अशी गत होती. त्या वाडीत सुंद्राक्का नावाची एक बाई राहायची.

लहानपणी तिला देवी आल्या आणि जाताना तिचे दोन्ही डोळे घेऊन गेल्या. पण देवानं एका हातानं नेलं ते दुसऱ्या हातानं दिलं, असं म्हणतात. तिच्या बोटांत अशी जाण होती की मोडलेलं हाड ती नुसतं चाचपून बसवायची. कोकराचा पाय निखळला, न्या सुंद्राक्काकडं. म्हाताऱ्याचा खांदा सरकला, बोलवा सुंद्राक्काला. गाभण मेंढीच्या पोटावर हात ठेवून आत एक कोकरू की दोन ते सांगायची, आणि दोन म्हणाली की दोनच निघायची. कुणी कुणी तर म्हणतं, घराच्या भिंतीला हात लावून ती आत कोण रुसलंय तेही ओळखायची. ते मात्र मला काही पटत नाही. रुसवा ओळखायला भिंत कशाला चाचपायला पाहिजे?

नवरा कधीच गेलेला, पोटी मूल नाही. पण वाडीतला दगड न् दगड तिच्या पायांना पाठ होता. काठी न घेता विहिरीवर जायची, बिरोबाच्या देवळात जायची, बायांशी भांडून परत घरी यायची. वेशीच्या दगडापलीकडं एक पाऊल पडलं की मात्र ती खरोखरीची आंधळी व्हायची. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

वाडीत कुत्री पुष्कळ होती, पण लांडग्यासमोर पाय रोवून उभी राहणारी एकच, तांबडी. एका वर्षी पावसाळा सरता सरता लांडग्यांचा कळप खिंडीत उतरला आणि हिरबा कोकऱ्याच्या मेंढरांवर पडला. हिरबानाना वाडीचा कारभारी. त्याची तीनशे मेंढरं खिंडीत अडकली होती. तांबडी एकटी लढली. एकही मेंढरू गेलं नाही. सगळ्यांच्या मागून ती मेंढरांच्या वाड्यात आली, हिरबानं शेवटचं कोकरू मोजेपर्यंत उभी राहिली आणि मग जी आडवी झाली ती उठलीच नाही.

मागं राहिलं एकच पिल्लू. महिन्याभराचं, ओंजळीत मावेल एवढं. रंग मुरमासारखा, म्हणून नाव पडलं मुरम्या. शेजारच्या वाड्यांतून मोठी कुत्री आणून बघितली, पण ती दोर तोडून आपापल्या धन्याकडं पळून गेली. राखणीला तसं कुत्रं नसताना दर दसऱ्यासारखी खिंड ओलांडून मेंढरं चाऱ्याला कोकणात न्यायची कशी? शेवटी वाडी देवळात बसली आणि ठरलं, की यंदा बाभळीच्या शेंगांवर नि पाल्यावर भागवायचं. पुढच्या दसऱ्याला मुरम्या मोठा होईल, मग जायचं. सगळ्या वाडीची आशा त्या ओंजळभर जिवावर येऊन बसली. हिरबानानानं बिरोबापुढं भंडारा उचलून शपथ घेतली.

"तांबडीचं पोर या वाडीत उपाशी ऱ्हाणार न्हाई," तो म्हणाला. "रोज प्रत्येक घरचा एक घास त्येच्या पोटात जाईल."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मुरम्या दारोदार फिरायला लागला. आता घास म्हटलं तरी घासावर कोण थांबतंय? एक बाई दुधात भाकरी कुस्करायची, दुसरी वर लोण्याचा गोळा ठेवायची, तिसरी म्हणायची, तिनं लोणी दिलं तर मी काय मेलेय? आणि गूळ घालायची. चाळीस घरं, चाळीस घास, नि एक घास अर्ध्या भाकरीएवढा. दोन महिन्यांत पोराचं पोट पखालीसारखं झालं. चाललं की पोट भुईला घासायचं. लोकांना काय कौतुक! "बघा की कसा गरगरीत झालाय!"

एके सकाळी ते गरगरीत ध्यान सुंद्राक्काच्या उंबऱ्यावर येऊन धापा टाकत पडलं. तिनं त्याला मांडीवर घेतलं आणि बोटं फिरवली. बरगडी शोधली, सापडेना. पुढच्या पायांच्या सांध्यांवर बोटं गेली आणि तिथंच थांबली. सांधे सुजून गाठी झालेल्या, कोवळी हाडं बाहेरच्या बाजूला वाकायला लागलेली. ती तशीच उठून हिरबाच्या दारी गेली.

"नाना, पोराला घालणं थांबवा. त्येच्या हाडांस्नी त्येचं वजन पेलंना झालंय. असंच चाललं तर दसऱ्याला त्ये खिंडीत न्हाई, माज्या दारात लोळत आसंल."

"आक्का, तांबडीनं माज्या मेंढरांपायी जीव दिला. तिच्या पोराच्या तोंडातला घास मी काढू? आन् बिरोबाम्होरं भंडारा उचललाय, त्येचं काय?"

"बिरोबाला एक घास बोललाय, अर्धी भाकरी न्हाई. प्रत्येक घरानं आपला घास माज्या दारातल्या दगडी डोणीत आणून टाकायचा. चिमटीएवढा. चाळीस चिमट्यांत पोराचं पोट भरतंय. कवा घालायचं नि किती घालायचं, ते माजी बोटं सांगतील."

माणसं जमली. बाया कुजबुजल्या. हिरबानं विचारलं, "आन् पोर उपाशी मेलं तर?"

सुंद्राक्का म्हणाली, "तर मी ही वाडी सोडून जाईन."

आता सांगा, तिच्यासाठी वाडी सोडणं म्हणजे काय होतं? पण बाई बोलली ती बोलली.

त्या दिवसापासून तिच्या दारातल्या दगडी डोणीत चाळीस घरांच्या चिमट्या पडू लागल्या. ती त्यात ताक घालून मऊ कालवायची. देवाला बकरं पडलं की काळजाचे चार तुकडे शिजवून त्यात टाकायची. दिवसातून चार वेळा थोडं थोडं घालायची, आणि पोर डोणी चाटत बसलं तरी वर दाणा नाही. सकाळच्या उन्हात त्याला देवळापर्यंत चालवत न्यायची, दगडांवरून उड्या मारू द्यायची नाही. दर आठवड्याला त्याला चाचपायची. बघायला येणाऱ्या पोरीबाळींना म्हणायची, "मूठ आवळा आन् बोटांच्या गाठींवरनं हात फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर जनावर उपाशी. आता तळहातावरनं फिरवा. असं लागलं तर माजलंय. आता हात उपडा करा आन् त्येच्यावरनं फिरवा. असं लागलं की बरं. बरगडी बोटाला लागावी, डोळ्याला दिसू नये."

पण लोकांना कुठं धीर? मुरम्या दारोदार जाऊन केविलवाणं तोंड करून बसायचा, आणि त्या तोंडापुढं दार लावून घेताना बायांचा जीव तुटायचा. "आंधळीला काय दिसतंय त्या लेकराचं तोंड!" असं एक जण बोलली, आणि ते सुंद्राक्कानं ऐकलं. तिला फार लागलं ते. पोराला कुशीत घेऊन ती रडली, पण डोणीत चिमूट काही वाढवली नाही.

पंधरा दिवसांनी बोटांना पहिली बरगडी लागली. महिन्यानं दुसरी, तिसरी. सांध्यांची सूज उतरायला लागली. सुंद्राक्काचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच आठच दिवसांत बरगड्या पुन्हा बुडाल्या! कोणीतरी चोरून घालत होतं. तिनं पोराच्या तोंडाचा वास घेतला, लोणी आणि गूळ. मानेच्या केसांचा घेतला, तर भंडाऱ्याचा वास. रोज अंगभर भंडारा लावणारा माणूस वाडीत एकच होता.

भर दुपारी ती मेंढरांच्या वाड्याकडं गेली. हिरबानाना कुंपणाआड उकिडवा बसून मुरम्याला लोण्याचा गोळा चारत होता. ती समोर येऊन उभी राहिली तसा तो कानकोंडा झाला.

"नाना," ती म्हणाली, "डोळं मिटा."

"काय वं आक्का, कशापायी?"

"मिटा म्हंते ना!"

त्यानं मिटले. तिनं त्याचा हात धरून मुरम्याच्या कुशीवर ठेवला. "बरगडी सापडती का?" त्यानं दाबून बघितलं. सापडेना. मग तिनं तोच हात हळूच पुढच्या पायाच्या सांध्यावर नेला. तिथं गाठ होती, गरम, आणि हाड बाहेर झुकलेलं. बोट लागताच पोर कळवळलं. उघड्या डोळ्यांनी हिरबानं ते पाय शंभरदा बघितले होते, पण त्याला दिसायचं ते तांबडीचं गोंडस पोर. ती कळ आज पहिल्यांदा त्याच्या हाताला लागली.

"तुमची माया खरी हाय, नाना. पर ती त्येच्या पायांवर बसलीय."

हिरबा कोकरे, ज्याला वाडी चळाचळा कापायची, तो तिथंच लहान पोरागत रडला. "आक्का, मी चुकलो गं. तुला वाडी सोडायला लावत होतो, आन् पोराला मीच मारत होतो." त्या दिवसापासून डोणीत पहिली चिमूट पडायची ती हिरबानानाची, आणि कुणी जास्त टाकली की तो डोळे वटारायचा.

मग काय, पोर वाढलं आणि चिमटीही वाढली. चार वेळचं खाणं तीन वेळांवर आलं, मग दोन वेळांवर. पाय सरळ झाले, छाती भरली, कंबर बारीक राहिली. परगावचा पाहुणा बघून म्हणायचा, "हडकुळं दिसतंय की वं कुत्रं!" वाडी गालात हसायची.

दसरा आला. खंडेनवमीला काठ्या-कोयत्यांची पूजा झाली, दसऱ्याला सोनं लुटलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळ्या वाडीची मेंढरं खिंडीकडं निघाली. सुंद्राक्का वेशीच्या दगडापर्यंत आली आणि कान देऊन उभी राहिली. खिंडीत सात लांडगे वाट बघत बसले होते, असं म्हणतात. माणसांनी मेंढरं जागीच थोपवली. मुरम्या एकटाच पुढं झाला, खिंडीच्या तोंडात चारी पाय रोवले, आणि भुंकला.

त्याचं ते भुंकणं कड्यांवर आपटून परत आलं, आणि एका कुत्र्याचं नाही, चाळीस कुत्र्यांचं होऊन आलं. चाळीस घरांचे घास होते ना पोटात! कुणी म्हणतं कड्याचा दगड फुटला, ती भेग अजून दाखवतात. लांडग्यांनी शेपट्या घातल्या आणि जे पळाले ते त्या डोंगरात पुन्हा दिसले नाहीत. खरं-खोटं बिरोबाला ठाऊक. पण वेशीच्या दगडाशी उभी असलेली आंधळी बाई त्या वेळी हसत होती नि रडत होती, आणि मुरम्या खिंडीतून उलटा धावत तिच्याकडं आला, हे मात्र खरं असावं. तिनं त्याच्या कुशीवरून हात फिरवला. "बरं हाय," म्हणाली. मग तो मेंढरांमागं गेला.

सुंद्राक्का त्याच वाडीत म्हातारी झाली, तिथंच गेली. वेशीच्या दगडापलीकडं तिला कधी जावं लागलं नाही.

ती डोणी अजून तिथंच आहे. बोरखिंडीत कुत्रीला पिल्लं झाली की प्रत्येक घरची चिमूट त्या डोणीतच पडते, दारोदारी कुणी काही टाकत नाही. दर आठवड्याला पिल्लाला दगडावर ठेवतात, आणि जो हात लावेल तो आधी डोळे मिटतो. डोळे उघडे ठेवून पिल्लू चाचपलं तर म्हातारी माणसं हातावर चापट मारतात.

आणि अजून एक आहे. पावसाळ्याच्या तोंडावर बाप्ये मेंढरं घेऊन कोकणातून परत येतात, आठ-आठ महिन्यांनी. दारात पाय धुवायला पाणी देतात, मग घरातली बाई पुढं येते. आई असो, बहीण असो की बायको, ती आधी डोळे मिटते आणि परत आलेल्या माणसाच्या कुशीवरून एकदा हात फिरवते. हाताला बरगडी जास्त लागली, तर त्या रात्री ताटात एक भाकरी जास्त पडते.