हात न लावता सरकार माडीवर

“आठही भोई उद्यापासून घरी!” उंबरगडच्या भुजंगराव महाराजांनी फर्मान सोडलं. महाराजांना इंग्रजीचं खूळ लागलं होतं. त्या सकाळी मास्तरांनी दोन शब्द शिकवले. ‘लाइफ’ म्हणजे जीवन आणि ‘लिफ्ट’ म्हणजे वर उचलणं! झालं, महाराजांना विलायतेहून लिफ्टचा पाळणा हवा झाला. महाराजांचा अवाढव्य देह खुर्चीसकट माडीवर चढवताना भोयांच्या तोंडाला फेस येई, पण त्यावरच आठ घरांच्या चुली पेटत होत्या.

गेनू भोयाची लेक तुळजा दरबारात येऊन उभी राहिली. “सरकार, आमच्या पोटावर पाय देऊ नका!”

महाराज मिशीत हसले. “मग तूच लिफ्ट हो! आम्हाला कुणाचाही हात न लागता माडीवर पोचव. दोर नको, यंत्र नको. आणि जाता जाता लाइफ काय तेही दाखव. मास्तर नुसता जीवन जीवन करतो, डोक्यात काही शिरत नाही!”

दरबार खो खो हसला. तुळजा तडक जिना चढली आणि वरच्या सज्जात, बरोबर महाराजांच्या डोक्यावर, पाय सोडून बसली!

सरकार खाली असताना माडीवर कुणी जायचं नाही, हा उंबरगडचा पिढीजात रिवाज होता.

“अगं ए! आमच्या डोक्यावर बसतेस?”

“वारा छान येतोय, सरकार! आणि तुमच्या पागोट्याला वरून भोक पडलंय बघा!”

“शिपाई! ओढा तिला खाली!”

शिपाई पहिल्याच पायरीशी अडला. “सरकार, वर गेलो तर मीसुद्धा तुमच्या डोक्यावर!” कारभारी तर छताकडेच बघत राहिले.

महाराजांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धोतर सावरत ते स्वतःच जिना चढत सुटले!

“पोचलात, सरकार!” तुळजाने उठून मुजरा केला. “कुणाचा हात लागला?”

“ना... नाही!” महाराजांना धाप लागली होती.

“ही झाली लिफ्ट. आता छातीवर हात ठेवा. धडधडतंय ना? तेच लाइफ! इतकी वर्षं खुर्चीत नुसते पडून असायचात, भोयांना शंकाच यायची!”

महाराजांनी जिन्याकडे पाहिलं आणि कठडा घट्ट धरला. “पण आता... उतरायचं कसं?”

“विलायतेचा पाळणा येईपर्यंत थांबा की! घाई असेल तर भोई दारातच उभे आहेत.”

महाराज पोट धरधरून हसले. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी तुळजाच्या हातात घातलं आणि सज्जातून ओरडले, “गेनू, खुर्ची आण! आठही भोई कायम! आणि मास्तर, उद्या नवे शब्द आणू नका!”