तोबियाचा प्रश्न

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती जिच्या काठी घडली त्या नदीनं तेव्हापासून दोनदा आपलं पात्र बदललं आहे.

त्या काठावर ख्रिस्ताला मानणाऱ्यांचं एक गाव होतं. गावात प्रार्थनामंदिर एकच, पण उपदेशक दोन होते. एक आमोस गुरुजी, दुसरे सीला गुरुजी. दोघंही विद्वान, दोघंही सज्जन, आणि एका प्रश्नावर दोघांचं अकरा वर्षं पटत नव्हतं.

आमोस गुरुजी म्हणत, माणसाचं तारण केवळ देवाच्या कृपेनं होतं. जग घडवण्याच्याही आधी देवानं आपली माणसं निवडून ठेवली आहेत. पापात मेलेला माणूस आपला आपण उठत नाही, त्याला उठवावंच लागतं. सीला गुरुजी विचारत, मग देव हाक कोणाला मारतो? ज्याला येताच येत नाही त्याला ‘ये’ म्हणणं ही थट्टा झाली. कृपा खरीच, पण तिला हो म्हणायला माणूस मोकळा आहे, आणि नाही म्हणायलाही.

सुरुवातीला या वादात गोडी होती. हळूहळू गावात तट पडले. सोयरीक जुळवतानाही लोक आधी विचारू लागले, की मुलीकडचे कोणत्या गुरुजींना मानतात?

त्याच गावात तोबिया नावाचा नावाडी होता. एका पावसाळ्यात, भरल्या नदीत, त्याची नाव भोवऱ्यात सापडली. नावेत त्याच्याखेरीज पाच माणसं होती. तोबिया पट्टीचा पोहणारा, पण त्या क्षणी त्याचा धीर सुटला. त्यानं उडी टाकली आणि एकटाच काठाला लागला. मागच्या चौघांना वाहत आलेल्या ओंडक्यानं तारलं. पाचवा, बारूख, बुडाला. त्याची बायको हन्ना काठावरच उभी होती.

तिसऱ्या दिवशी तोबिया आमोस गुरुजींच्या दारात आला. तिथूनच त्यानं विचारलं, “गुरुजी, देवानं निवडलेल्यांत मी आहे का?”

आमोस गुरुजींनी जे सत्य मानलं होतं तेच सांगितलं. “ते देवालाच ठाऊक. असशील, तर तो तुला सोडणार नाही. नसशील, तर तुझ्या-माझ्या हातात काही नाही.”

तोबिया सीला गुरुजींकडे गेला. ते म्हणाले, नावेत थांबायला तू मोकळा होतास, तू उडी निवडलीस. आता मागे फिरायलाही मोकळा आहेस. मनापासून फिर, देव तुला घेईल. तोबियानं विचारलं, आणि मनच उठत नसेल तर? गुरुजी म्हणाले, तर तीही तुझीच निवड.

तिथून तो घरी गेला नाही. नदीच्या खालच्या अंगाला मासे सुकवणाऱ्यांची एक सोडलेली झोपडी होती. तिथे तो भिंतीकडे तोंड करून पडला आणि त्यानं अन्न टाकलं.

गावात बातमी पसरली. आमोस गुरुजींची माणसं म्हणाली, बघा, तो निवडलेल्यांतला नव्हताच. सीला गुरुजींची माणसं म्हणाली, बघा, त्यानं देवाला नाकारलं. दोन्ही तटांना आपापलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान होतं. झोपडीकडे कोणी गेलं नाही.

त्यानं अन्न टाकल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी एका शिष्यानं हे सगळं आमोस गुरुजींच्या कानावर घातलं. सांगताना तो हसत होता. ते हसू गुरुजींच्या जिव्हारी लागलं. देवाला तोबियाला वाचवायचं असेल तर देव वाचवील, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हे वाक्य त्यांनी व्यासपीठावरून शेकडो वेळा उच्चारलं होतं. आज पहिल्यांदाच ते त्यांना पळवाटेसारखं वाटलं. त्यांनी पुस्तक मिटलं, काठी घेतली आणि तडक नदीची वाट धरली.

झोपडीचं दार उघडंच होतं. आत हन्ना बसली होती. नवरा जाऊन अजून दहा दिवसही झाले नव्हते. तिच्या पुढ्यात पेजेचं मडकं होतं.

“वहिनी, तुम्ही नका येऊ,” तोबिया भिंतीकडे बघतच बोलत होता. “बारूखदादाला टाकून आलो मी.”

“ठाऊक आहे मला. मी विसरले नाही, विसरणारही नाही. पेज निवतेय, घे.”

“हात उचलवत नाही.”

हन्नानं त्याची मान आपल्या मांडीवर घेतली. पेजेची वाटी त्याच्या ओठांना लावली. त्यानं ओठ उघडले नाहीत. तिनं वाटी मागे घेतली नाही. ती तशीच बसून राहिली. आमोस गुरुजी दाराशी उभे होते.

बऱ्याच वेळानं तोबियानं तोंड उघडलं.

तो एक घोट घशाखाली उतरताना गुरुजींनी पाहिला. त्या माणसाच्या अंगात स्वतःची मानही उचलण्याचं बळ नव्हतं, हे त्यांना दिसत होतं. आणि त्याचे ओठ कोणी बळजबरीनं उघडले नव्हते, हेही दिसत होतं. या दोन्हींची फोड ते अकरा वर्षं करत आले होते. आज ती करावीशी वाटली नाही.

हन्ना मडकं धुवायला बाहेर आली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, तू कशी आलीस इथे?

“तो इथे पडलाय हे कळल्यापासून तीन दिवस देवाशी भांडत होते, गुरुजी. याचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं मला. आज पेज शिजवली आणि चालू लागले. मी आले की मला आणलं, ते तुम्ही सांगा, तुम्ही शिकलेले. मला इतकंच समजलं, की तो उपाशी आहे.”

गुरुजी वाकून आत गेले आणि तोबियाजवळ जमिनीवर बसले.

“तोबिया,” ते म्हणाले, “तू माझ्या दारात आलास, आणि मी तुला बसही म्हटलं नाही. मला क्षमा कर.”

तोबियानं भिंतीवरून नजर काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग तो रडू लागला. नाव बुडाल्यापासून तो रडला नव्हता.

पुढच्या रविवारी आमोस गुरुजींनी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. त्यांचं बोलणं संपायच्या आत सीला गुरुजी उभे राहिले आणि त्यांनीही आपली सांगितली. तोबिया जगला. बऱ्याच महिन्यांनी त्यानं पुन्हा वल्हं धरलं. हन्नाचं दुःख गेलं नाही, पण त्या दुःखात ती एकटी उरली नाही. दोघा गुरुजींचा वाद काही मिटला नाही. फक्त बोलता बोलता कोणी दारात येऊन उभं राहिलं, की दोघंही तिथल्या तिथे थांबत आणि आधी त्याला आत घेत.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: कृपा कोणाला मिळणार हे ठरवणं आपल्याकडे नाही, आपल्याला मिळाली ती दुसऱ्याच्या दारापर्यंत नेणं मात्र आपल्याकडे आहे.