तोंड नसलेली तामीत

या, आत या, पण भिंतीला पाठ टेकवू नका. अहो दाभाडेकाका, तुम्हालाच सांगतेय! तीन हजार वर्षं टिकलेला रंग आहे तो, तुमच्या सदऱ्यानं पुसायला नको. आता डावीकडे बघा. धन्याच्या मेजवानीला निघालेल्या नोकरांची रांग आहे. शेवटी एक लहान मुलगी, डोक्यावर भाकऱ्यांची टोपली. पायातलं कडंसुद्धा किती रेखीव काढलंय! आणि नाकाखाली नुसता खरवडलेला दगड. नाईलच्या या पश्चिम काठावर मी इतकी वर्षं आपल्या लोकांना घेऊन येते, पण याचं कारण मला पुस्तकात नाही सापडलं. सांगितलं ते इथल्या राखणदारानं, बदावी नावाच्या म्हाताऱ्यानं. खरं-खोटं तो जाणे.

ही कबर मेरीनेबची. राजाच्या धान्यकोठारांचा मोठा अधिकारी. जिवंतपणीच कबर खोदून घ्यायची त्यांची रीत, आणि भिंतीवर जे रंगवाल ते मेल्यावर तिकडे खरं होतं ही श्रद्धा. भाकरी काढली की भाकरी मिळणार, नोकर काढला की तो कायमचा राबणार. म्हणून श्रीमंतांच्या कबरीत या मेजवान्या. गरिबाला मात्र चटईत गुंडाळून वाळूत पुरायचे. त्याला ना भिंत, ना भाकरी.

या भिंती रंगवायला खावी नावाचा चित्रकार होता. असं सांगतात, की त्या वर्षी नाईलला पूरच आला नाही. शेतं भेगाळली, माणसं झाडांच्या मुळ्या उकरून खाऊ लागली. मेरीनेबची कोठारं गच्च भरलेली, पण मेल्यानं दारांवरचे शिक्के काही फोडले नाहीत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस! खावीची एकुलती लेक तामीत भाकरी मागत मागत गेली. तिलाही चटईत गुंडाळून वाळूत ठेवलं.

बापाचंच काळीज ते. इथे उपाशी गेली, निदान तिकडे तरी पोटभर खाऊ दे, म्हणून त्यानं तिला या भिंतीवर काढलं. पण गरिबाच्या पोरीला अशा कबरीत जागा कुठली? नोकरांतच. त्यानं तिच्या डोक्यावर धन्याची टोपली दिली, शेजारी बारीक अक्षरांत तिचं नाव लिहिलं, आणि हातात भाकरीचा तुकडा देऊन तो थेट तिच्या तोंडाशी नेला. इथेच चुकला तो. नुसती उभी केली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्याला तिला खाताना बघायचं होतं हो.

एके दिवशी मेरीनेब काम बघायला आला. धन्याच्या आधीच जेवायला लागलेली नोकर पोर पाहून तो थबकला. त्यानं नाव वाचलं.

"ही कोण?"

"माझी लेक, धनी. उपाशी गेली. एक तुकडा तेवढा..."

मेरीनेब चिडला नाही, म्हणे. हसला. चिडला असता तर परवडलं असतं. म्हणाला, "राहू दे की तिला. मला भाकऱ्या वाहायला माणूस लागणारच आहे. फक्त तो तुकडा आणि तिचं तोंड खरवडून टाक. नाहीतर नावासकट सगळीच पूस. काय ते तूच ठरव, आणि तुझ्याच हातानं कर."

नावासकट पुसलं की तो जीव दुसऱ्यांदा मेला, कुठेच उरला नाही, असं ते लोक मानत. खावीनं छिन्नी उचलली. लेकीला पुसायला त्याचा हात धजेना. शेवटी त्यानं आधी तुकडा खरवडला आणि मग तोंड. नंतर गुपचूप पुन्हा रंगवू, असं त्याच्या मनात होतं. पण मेरीनेब काही कमी नव्हता. त्यानं त्याच दिवशी त्याला कामावरून हाकललं.

घरी बायको होती, हेनुत. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुसून टाकायची होतीस रे तिला. भूक तरी संपली असती. तू ठेवलीस ती तुझ्यासाठी."

पुढे ती नवऱ्याशी कधी बोलली नाही, म्हणे. गावच्या भट्टीपाशी जाऊन बसायची. भाकऱ्या घेऊन घरी निघालेलं पोर दिसलं की वाट अडवायची आणि सांगायची, आधी खा, मग ने. आजही खालच्या गावात पोराला एक तुकडा खायला लावल्याशिवाय भट्टीवरून सोडत नाहीत. कितीही घाई असो.

आणि मेरीनेब? बदावी सांगतो, तो मेला, थाटात पुरला गेला, आणि पुढे चोर आले. सोन्यासाठी त्याची ममी फरफटत काढली आणि इथेच जाळली. वर छताला काजळी दिसतेय ना, ती त्याचीच. त्यांच्या समजुतीत देहच नाही, म्हणजे तिकडे जेवणाराही नाही. हे ऐकून सगळ्यांना बरं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण मग तिच्याकडे नजर गेली. धन्याची राख झाली, हे त्या पोरीला कोण सांगणार? ती आजही भरली टोपली घेऊन त्याच्याकडेच चालली आहे, उपाशी.