दगडावर न कोरलेली ओळ

फार फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. आणि मुलांच्या आईबाबांनो, तुम्हीही ऐका!

समुद्राकाठी एक ख्रिस्ती गाव होतं. तिथे आईबापांवरचं प्रेम बोलून दाखवायची रीत नव्हती. कुणी बोललंच, तर लोक हसत. "काय रे, नाटकात काम करतोस का?" म्हणत.

पण आईबाप वारले, की मुलं त्यांच्या कबरीच्या दगडावर प्रेमाची एक ओळ कोरून घेत. रविवारी प्रार्थना संपली, की सारं गाव कबरींमधून फिरे आणि ओळी वाचून माना डोलवी.

सगळ्यात सुंदर ओळ होती होड्या बांधणाऱ्या एका तरुणाच्या बापाच्या दगडावर. "बाबा, तुमच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा समुद्र पाहिला."

एका सकाळी त्या तरुणाची आई तापाने फणफणली. वैद्याने नाडी पाहिली आणि त्याला बाहेर नेऊन सांगितलं, "रविवारपर्यंत ती तग धरेल असं वाटत नाही."

तरुण थेट म्हाताऱ्या पाथरवटाकडे गेला. "काका, आईसाठी दगड काढून ठेवा. ओळ तयार आहे."

"सांग."

"आई, तू करवंटीभर पेजेवर भागवून मला भाकरी वाढायचीस, हे मला ठाऊक होतं."

पाथरवटाचा हातोडा वर गेला तो वरच राहिला. "हे तिला सांगितलंस?"

"छे! लोक हसतील."

"बाळा, तुझ्या बापाची ओळ साऱ्या गावाने वाचली. एकट्या बापाने तेवढी वाचली नाही. चाळीस वर्षं दगड कोरतोय मी. अजून एकही आई आपली ओळ बघायला आली नाही!"

तरुणाने मान खाली घातली. "काका, जीभच रेटत नाही."

"आपला प्रभू क्रुसावर होता. हातापायांत खिळे, घशाला कोरड. तरी समोर उभी असलेली आई त्याला दिसली. तशा हालांतही तो तिच्याशी बोलला, तिला शिष्याच्या हाती सोपवलं. आणि तू? तुझे तर हातपाय मोकळे आहेत. पळ!"

आणि तो पळाला! वाळू तुडवत, वाळत घातलेली जाळी ओलांडत पळाला.

"अरे, आग लागली का कुठे?" मासे निवडणाऱ्या बायांनी विचारलं.

"आईला सांगायचंय, ती मला फार फार आवडते!"

बाया खो खो हसल्या. "चळला गं बाई हा!"

हसू देत! तो थांबला नाही. धापा टाकत त्याने आईचे हात धरले आणि पेजेची, भाकरीची सगळी गोष्ट सांगून टाकली.

आईने डोळे उघडले. "तुला ठाऊक होतं? मग चोरा, अर्धी भाकरी परत का नाही दिलीस?"

दोघं हसले, दोघं रडले. मग तो पुटपुटला, "बाबांना सांगायचं राहूनच गेलं गं."

"वर भेटले की मी सांगेन. पण एवढ्यात नाही जायची मी! आधी पेज टाक, भूक लागलीय."

रविवार उजाडला, आणि आई चर्चमध्ये पहिल्या बाकावर! पाथरवटाने तिच्यासाठी काढलेल्या दगडाचा पाटा घडवला. त्यावर तिने पुढे अकरा वर्षं मसाला वाटला. आणि त्या हसणाऱ्या बाया? तो पळाला त्याच दिवशी संध्याकाळी एकेक जण आपापल्या आईबापांजवळ जाऊन बसलेली दिसली.

आई गेली तेव्हा तिच्या दगडावर फक्त क्रूस होता आणि नाव. लोकांनी विचारलं, "अरे, ओळ कुठाय?"

तरुण आता तरुण राहिला नव्हता. तो म्हणाला, "ती ऐकून गेली."

तात्पर्य : देवाने आईबापांचा मान राखायला सांगितलं ते त्यांच्या जिवंतपणी, म्हणून प्रेमाचे शब्द दगडासाठी राखू नका, आजच त्यांच्या कानांवर पडू द्या.